आग मोठी दिसते ती लयीमुळे

प्रिय दोस्त,

अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रतिकृतीतलं पेटतं घर पडद्यावर मेणबत्तीएवढं वाटतंय, याचा दोष लेन्सला देऊ नकोस. आगीचा आकार डोळा ओळखतो तो तिच्या लयीवरून. दहा सेंटिमीटर रुंदीच्या ताटलीतली ज्वाळा सेकंदाला साधारण पावणेपाच वेळा फुगते आणि तुटते; मीटरभर रुंदीची आग जेमतेम दीड वेळा. दीडला मीटरमधल्या रुंदीच्या वर्गमुळाने भागलं की हा आकडा मिळतो. म्हणून दहापट मोठी भासवायची तर चित्रीकरणाचा वेग दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ पट वाढव; दाखवताना ज्वाळा तितकीच संथ होते. सेकंदाला २५ फ्रेम्सवर दाखवायचं असेल तर ८० फ्रेम्सने चित्रित कर, शटर १/१६० सेकंद.

याला मर्यादा आहे. फार लहान ज्वाळेची कड गुळगुळीत असते, मोठ्या आगीची फाटकी. ती फाटकी कड कुठल्याही फ्रेम रेटने येत नाही. जागा असेल तर ताटली तीस सेंटिमीटरची घे, मग मीटरभर आगीसाठी ५० फ्रेम्सही पुरतात.

एक्स्पोजर हाताने ठेव. ऑटोवर प्रत्येक भडक्याला चित्र श्वास घेतं, म्हणजे उजळतं-काळवंडतं. पिवळ्या ज्वाळेसाठी आयएसओ ४००, एफ ४ पासून सुरुवात कर, व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर बांध. आगीत आधी चित्रातला लाल रंगाचा चॅनल फुटतो, म्हणजे कमाल पातळीला जाऊन तपशील गमावतो, आणि तो फुटला की ज्वाळेच्या पोटातले पदर जाऊन सपाट पिवळा डाग उरतो. झेब्रा (अति उजळ भागावर दिसणारे पट्टे) ते सांगेलच असं नाही, तेव्हा तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघ. काळोख थोडा जास्त झाला तरी चालेल.

इंधन म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, काठ असलेली स्टीलची ताटली वाळूत बसव. दहा सेंटिमीटरच्या ताटलीला २५ मिलिलिटर पुष्कळ झालं. पेट्रोल नको, त्याची वाफ जमिनीवरून सरपटत ठिणगीपर्यंत जाते. मिथेनॉलही नको, विषारी आहे आणि त्याची ज्वाळा उजेडात दिसत नाही. बाटली बंद करून लांब ठेव, मगच लांब दांड्याच्या लायटरने पेटव.

सगळ्यात वाईट अपघात दुसऱ्या टेकला होतात. विझली असं वाटून गरम ताटलीत पुन्हा ओतलं की बाटलीच्या तोंडातून ज्वाळा काही मीटर फेकली जाते. ताटलीवर झाकण ठेव, तिला हात लावता येईल इतकी थंड होऊ दे, मग ओत. कितीही घाई असली तरी. आग झाकायला ओलं फायर ब्लँकेट नव्हे, कोरडं ठेव. आणि ते घेऊन उभा राहणाऱ्या माणसाला दुसरं काम देऊ नकोस. कॅमेऱ्याजवळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेव. पावडरही आग विझवते, पण लेन्सच्या सांध्यात जाऊन बसते. छोट्या बंद खोलीत मात्र कार्बन डायऑक्साइड माणसाचाच श्वास कोंडतो, तेव्हा दार उघडं असू दे. पंखे बंद कर, नाहीतर वाऱ्याची लय ज्वाळेच्या लयीत मिसळून सगळं गणित फसतं.

तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालवायला लूप करताना डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळवणं) टाळ, दोन ज्वाळा एकमेकींच्या आरपार दिसतात. ८० फ्रेम्सच्या त्या फूटेजमध्ये एक फुगणं सुमारे १७ फ्रेम्सचं असतं. वरची जीभ तुटून विरली त्या फ्रेमवर काप आणि सुरुवातीलाही तसलीच फ्रेम शोध.

कळावे.