एका ट्रकपासून व्हीआरएलएवढी मोठी मालवाहतूक कंपनी कशी उभी राहते?

व्हीआरएलचे उदाहरण देऊन आपण विचारले आहे की, एक ट्रक असलेला माणूस एवढ्या मोठ्या ताफ्यापर्यंत कसा पोहोचतो. मुंबईत मस्जिद बंदरच्या एका बुकिंग कार्यालयात मी अनेक वर्षे हिशेब सांभाळले आहेत, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

व्हीआरएलचे संस्थापक विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये कर्नाटकातील गदग येथे एका ट्रकवर व्यवसाय सुरू केला. घरचा धंदा छपाई व पुस्तक प्रकाशनाचा होता. पुढे हुबळी हे केंद्र झाले, १९८३ मध्ये कंपनी नोंदवली गेली, १९९६ मध्ये प्रवासी बस आल्या आणि २०१५ मध्ये समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. हा क्रम कुठेही वाचायला मिळतो, परंतु ताफा का वाढू शकला हे त्यातून कळत नाही.

माझ्या मते त्याचे उत्तर पार्सलमध्ये, म्हणजे अनेक व्यापाऱ्यांचा थोडा-थोडा माल एकाच गाडीतून नेण्यात आहे. एकाच व्यापाऱ्याचा माल भरून मुंबईत आलेली गाडी, परतीचा माल मिळवून देणाऱ्या दलालाची वाट पाहत कळंबोलीला उभी राहते. कर्जाचा हप्ता, विमा आणि चालकाचा भत्ता मात्र चालूच असतो. पार्सलच्या गाडीत नागदेवीचे हार्डवेअर, लोहार चाळीतील विजेचे सामान आणि कापडाच्या गाठी एकत्र जातात, प्रत्येक मालाची बिल्टी (वाहतुकीची पावती) वेगळी फाटते आणि किलोमागे भाडेही अधिक मिळते. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांना कार्यालय, गोदाम, हमाल आणि माल वेगळा करून पुढच्या गाडीत चढवण्याची जागा लागते. अशा शाखांचे जाळे विणले गेले की परतीचा माल आपल्याच शाखेतून मिळतो. व्हीआरएलने प्रामुख्याने स्वतःच्या गाड्या बाळगल्या आणि त्यांच्या देखभालीसाठी हुबळीजवळ वरूर येथे स्वतःची कार्यशाळा उभारली, ते या भरवशावरच परवडते. शाखा नसताना आधी गाड्या घेणारे बहुधा हप्त्यांतच अडकतात.

दुसरी बाब रोख रकमेची. टू-पे बिल्टीत, म्हणजे भाडे माल घेणाऱ्याने द्यायचे असते तेव्हा, माल सोडवतानाच भाडे हाती पडते. मोठ्या कारखान्याच्या खात्यावर गाडी लावली तर भाड्याचे पैसे दोन-तीन महिने उधारीत अडकतात आणि डिझेल मात्र आजच भरावे लागते. हिशेबाच्या टेबलावरून पाहिले तर लहान वाहतूकदार बहुतेक इथेच बुडतात, भाड्याच्या दरावर नव्हे.

मुंबईपुरते सांगायचे तर १ जुलै २०१७ पर्यंत जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती. पार्सलच्या गाडीत अनेकांचा माल असल्याने एका बिल्टीचा कागद संशयास्पद निघाला तरी सगळी गाडी मुलुंड किंवा दहिसर नाक्यावर अडकत असे. जकात आणि नाक्यावरची ही अडवणूक टाळण्यासाठी हद्दीबाहेर भिवंडीत गोदामे वाढली. जीएसटीनंतर नाके गेले आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल (मालासोबत लागणारा ऑनलाइन परवाना) आले, पण कागद चोख ठेवण्याची गरज कमी झाली नाही.

आपल्याला स्वतः सुरुवात करायची असल्यास मुंबई–कोल्हापूरसारखी एकच लाइन (मार्ग) धरावी आणि दुसऱ्या टोकाला विश्वासू बुकिंग एजंट मिळाल्याशिवाय दुसरी गाडी घेऊ नये. इतरांचा माल स्वतःच्या बिल्टीवर घ्यायचा असेल, तर रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार परिवहन प्राधिकरणाकडून सामान्य वाहक म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. ती आधीच करून ठेवावी.