कोपऱ्यावरच्या घराने गल्लीच्या रस्त्यासाठी पैसे का द्यावेत?

आपल्या खासगी गल्लीत काँक्रीटचा रस्ता करायचे ठरले आहे आणि कोपऱ्यावरचे शेजारी "आमचे दार मोठ्या रस्त्यावर उघडते" असे सांगून वर्गणी नाकारत आहेत, तर त्यांच्याकडून पैसे कसे वसूल करावेत, असे आपण विचारले आहे. मी असाच एक कोपऱ्यावरचा शेजारी आहे, म्हणून उत्तर लिहीत आहे.

किरकटवाडीत आमची नऊ घरांची गल्ली आहे. प्लॉट गुंठेवारीतले, म्हणजे मंजूर आराखड्याविना गुंठ्यागुंठ्याने विकलेले; रस्त्याची जागा सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावे राहिलेली आणि आमच्या खरेदीखतांत तिच्यावरून केवळ जाण्यायेण्याचा हक्क लिहिलेला. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत आले, तेव्हा रस्ता आता आपोआप होईल अशी सर्वांची समजूत झाली होती. परंतु 1949 च्या महापालिका अधिनियमात सार्वजनिक रस्ता वेगळा आणि खासगी रस्ता वेगळा, आणि आमचा निघाला खासगी. नगरसेवकाला गाठावे, तर मार्च 2022 पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. अखेर 2023 च्या उन्हाळ्यात गल्लीने पदरमोड करायचे ठरवले. लांबी 240 फूट, रुंदी 15 फूट, जाडी 6 इंच, म्हणजे 18 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) काँक्रीट. खोदाई, खडीचा थर आणि मजुरी धरून ठेकेदाराने साडेचार लाख रुपये सांगितले. घरटी 50,000.

येथेच माझे बिनसले. माझे पुढचे फाटक मोठ्या रस्त्यावर आहे आणि गल्लीत उघडणारे मागचे फाटक तोंडापासून अवघ्या 25 फुटांवर आहे. शेवटच्या घरातले काका रोज 240 फूट ये-जा करणार आणि आम्ही दोघे सारखेच पैसे भरणार, हा कोणता हिशेब? मी वहीत आकडेमोड केली. रस्त्याचा जो तुकडा जितकी घरे वापरतात, तितक्याच घरांनी त्याचा खर्च वाटून घ्यावा. पहिल्या 25 फुटांचा खर्च होतो 46,875 रुपये, ते वापरतात नऊही घरे, म्हणून माझा वाटा 5,208 रुपये. वरचे 33 पैसे मी सोडून दिले. त्याच रकमेचा धनादेश लिहून मी बैठकीला गेलो. काकांनी तो चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "अहो, मग तुमच्या पाहुण्यांनी गाडी 25 फुटांतच वळवायची का?" तेव्हापासून गल्लीत माझा उल्लेख 'पाच हजार दोनशे आठ' असा होतो. सौ. म्हणाली, "पन्नास हजार देऊन टाका आणि शांत झोपा." मी झोपलो नाही, कायदा वाचला. 1882 च्या ईझमेंट (दुसऱ्याच्या जमिनीवरील वहिवाटीचे हक्क) अधिनियमाच्या कलम 25 प्रमाणे वहिवाटीच्या वाटेच्या बांधकामाचा आणि दुरुस्तीचा खर्च ज्याला त्या हक्काचा लाभ मिळतो त्याने सोसावा. लाभ घेणारे अनेक असतील, तर कोणी किती द्यावे, हे त्या कलमात सांगितलेले नाही, आणि आमचे भांडण नेमके तेवढ्याचपुरते होते.

रस्ता आठ घरांनी केला. खोदाईत पैसे वाचवावेत म्हणून जुन्या मुरुमावरच काँक्रीट ओतले, त्यामुळे गल्लीची पातळी माझ्या मागच्या फाटकाच्या उंबऱ्याहून चार इंच वर गेली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळ्या गल्लीचे पाणी माझ्या मागच्या अंगणात शिरले. जाळीची चर खोदून घेऊन उंबरा उचलायला मला 18,000 रुपये लागले, आणि ते कोणीही घरटी वाटून घेतले नाहीत. म्हणून आपल्याला सांगतो: पैशाची चर्चा करण्यापूर्वी प्रत्येक फाटकाशी तयार रस्त्याची पातळी किती राहील आणि पाणी कोठे जाईल, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. कोपऱ्यावरचा माणूस नकार देतो तेव्हा त्याला पैशांपेक्षा पाण्याचीच भीती असण्याचा संभव असतो. ड्रेनेज आणि पाण्याच्या नळासाठी आडवे पाइपही आधीच टाकून ठेवा, नाहीतर नवे काँक्रीट वर्षभरात फोडावे लागेल.

वसुलीबद्दल म्हणाल, तर आपली नोंदणीकृत सोसायटी असल्यास सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करा. त्या वाटेने आकारणी आणि वसुली करता येते. आमच्यासारखी नुसती शेजाऱ्यांची गल्ली असेल, तर बहुमत म्हणजे केवळ आठ जणांचे मत. त्याच्या जोरावर नवव्याच्या खिशात हात घालता येत नाही. शेजाऱ्यांचे खरेदीखत मात्र आधी पाहून घ्या. त्यात रस्त्याच्या देखभालीचा खर्च विभागून देण्याची अट असेल, तर माझे वरचे सगळे म्हणणे त्यांना लागू होत नाही.

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. उन्हाळ्यात आमचा पाण्याचा टँकर मागच्या फाटकानेच येतो, कारण जमिनीखालची टाकी त्या बाजूला आहे. 10,000 लिटर म्हणजे 10 टन नुसते पाणी, आणि अशा वजनाने रस्ता लवकर खराब होतो, हे काकांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र तो टँकरही 25 फुटांतच थांबतो.

माझा धनादेश त्यांनी परतही केला नाही आणि वटवलाही नाही. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची असल्यामुळे ती संपल्यावर मी त्याच रकमेचा दुसरा धनादेश काकांच्या टपालपेटीत टाकला. तोही अजून वटलेला नाही.