नवीन बांधलेलं इंजिन हाताने फिरत नाही, टो करून चालू करू का?

नाही. टो करू देऊ नका. मिस्त्री कितीही जुने असोत, घरच्यासारखे असोत, गाडीला दोरी बांधू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की मारुती ८०० चं फुल इंजिन काम झालं, रिंग-पिस्टन नवे, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंड करून बेअरिंग नवी टाकली. आता सेल्फ मारला की नुसतं 'टक्' होतं, आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून दोघांनी जोर केला तर इंजिन कसंबसं पाव फेरा फिरतं. मिस्त्री म्हणतात, "नवं इंजिन टाइट असतंच, चाललं की मोकळं होईल." या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलोय.

हे वाक्य आमच्या दाजींचं आहे. दाजींचं कोल्हापुरात गॅरेज, मी आयुष्यभर कारखान्यात क्वालिटीला. मायक्रोमीटर आणि बोअर गेज हीच माझी हत्यारं, त्यामुळे घरात मी 'कागदी मेकॅनिक'. दाजींचं म्हणणं, "पाव्हणं, मोकळं इंजिन म्हणजे म्हातारं इंजिन. नवं जड असायचंच." आणि माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: रिंगा घासून बसतात, बेअरिंग घासून बसत नाहीत.

रिंगांचं काम घासण्याचंच आहे. होनिंग करताना, म्हणजे सिलिंडर आतून घासून तयार करताना, बोअरमध्ये आडव्या-तिरक्या रेघा मुद्दाम ठेवतात, रिंग त्यांच्यावर घासून आपली जागा करते. म्हणून नवं इंजिन थोडं जड लागतं, ते मान्य. पण मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये बसते तिथलं) आणि बिग एंडमध्ये (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथे) क्रँकने शेलला, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पातळ पत्र्याला, टेकायचंच नाही. मधे ऑइलचा थर असतो आणि चालत्या इंजिनात क्रँक त्या थरावर तरंगते. त्या थराला जागा लागते ०.०२ ते ०.०५ मिमीच्या आसपास, केसाच्या जाडीहूनही कमी. ती जागाच नसेल तर ऑइल जाणार कुठे? शेलचा वरचा थर मऊ धातूचा. टो करून ओढलंत की तो पुसला जातो, शेल जागेवरून फिरतं, ऑइलचं भोक बंद होतं. इंजिन 'मोकळं' झाल्यासारखं वाटतं खरं. आठवडाभराने खालून ठोका यायला लागतो.

आता दाजी असं का म्हणतात तेही सांगतो, कारण ते काही अडाणी नाहीत. त्यांचे उस्ताद व्हाइट मेटलच्या काळातले. तेव्हा हा मऊ धातू वितळवून बेअरिंग ओतायचे, निळ लावून डाग बघायचे आणि स्क्रेपरने खरवडून क्रँकला बसवायचे. तसं इंजिन मुद्दाम जरा घट्ट ठेवून पट्ट्यावर किंवा ओढून फिरवून मोकळं करायचे. फोर्डच्या जुन्या मॉडेल टीला कारखान्यातच असं फिरवून बेअरिंग बसवत. तिथे ते बरोबर होतं. पण पातळ शेलचं बेअरिंग हे तयार मापाचं असतं, त्याला खरवडायचंही नाही आणि रगडायचंही नाही. उस्तादाची रीत राहिली, बेअरिंग बदललं, एवढीच गोष्ट. हे मी दाजींना जेवणाच्या ताटावर सांगितलं तेव्हा ताईने वाटी आपटली होती.

तर माझीच ८००, धूर सोडायला लागली म्हणून दाजींकडे दिली. क्रँक बाहेर एका ग्राइंडिंगवाल्याकडून पाव मिमी अंडरसाइज (मूळ मापाहून बारीक) करून आणली. त्या आठवड्यात मी फिरकलोच नाही. गेलो तर इंजिन पूर्ण जोडून गाडीत बसवलेलं आणि सेल्फ मारला की तुमच्यासारखंच 'टक्'. दाजींनी टेम्पो काढून ठेवला होता, दोरी हातात. मी म्हटलं, दोरी राहू द्या, आधी प्लग काढा. प्लग काढले की कॉम्प्रेशनचा विषय संपतो. तरी जड. टायमिंग बेल्ट काढला, म्हणजे कॅम आणि हेड बाजूला झालं. तरी तेवढंच जड. पोरं हसू दाबत होती, दाजी गप्प.

इंजिन परत खाली घेतलं, चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवलं. बिग एंडच्या कॅप, म्हणजे बेअरिंगवर बोल्टने कसलेली अर्धगोल झाकणं, एकेक करून ढिल्या केल्या. किंचित फरक, मुख्य जडपणा जागेवर. मग मेनच्या कॅप. पहिली ढिली केली, काही नाही, परत कसली. दुसरी, काही नाही. तिसरी ढिली केली आणि फ्लायव्हील हाताने गर्रकन फिरलं. कॅप काढून शेल उजेडात धरलं. आतला पृष्ठभाग नव्यासारखा, मंद राखाडी. पण एका कडेला, अगदी काठावर, आरशासारखी चकचकीत बारीक रेघ, अर्ध्या वर्तुळभर. मधे कुठेच घासलं नव्हतं, फक्त काठ घासला होता.

मग क्रँककडे बघितलं. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) जिथे वेबला, म्हणजे बाजूच्या जाड भिंतीला, मिळतं त्या कोपऱ्यात ठरावीक गोलाई असते. ग्राइंडिंगच्या दगडाचा कोपरा नीट काढला नसेल तर ही गोलाई जास्त राहते, आणि शेलचा काठ तिच्यावर चढतो. नखाने चाचपलं तर दुसऱ्या जर्नलवर नख कोपऱ्यापर्यंत जात होतं, इथे आधीच वर चढत होतं. जर्नलचा व्यास मोजला तर अगदी बरोबर! म्हणूनच दाजींचा मिस्त्री म्हणत होता की माप बरोबर आहे. होतंच. पण व्यास हे एकच माप नव्हे.

ग्राइंडिंगवाला म्हणाला, शेलचा काठ कानशीने मारा. दाजींनाही ते पटलं. मी हटून बसलो आणि क्रँक परत लावून अर्ध्या मिमीवर नेली, गोलाई माझ्यासमोर गेजने तपासली, शेलही नवी घेतली. कॅप पूर्ण टॉर्कवर कसल्यावर नुसती क्रँक दोन बोटांनी फिरत होती. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. आणि दाजी? "एक साइज फुकट घालवली पाव्हण्यांनी." आजही वास्तुशांत असो की बारसं, हा विषय निघतोच. त्यांच्या मते टेम्पोमागे दोन फेऱ्यांत काठ आपोआप घासला असता. घासला असता हो, आणि तो चुरा कुठे गेला असता? बेअरिंगच्याच तोंडात.

तुमच्या इंजिनाचं मी इथून कसं सांगणार? पण क्रम हाच ठेवा: प्लग, मग बेल्ट, मग खालून कॅप एकेक. प्लग काढल्यावर एकदम मोकळं झालं तर सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पाणी साचलं होतं का तेवढं बघा. संपूर्ण फेऱ्यात सारखंच जड असेल तर रिंगा, पिस्टनचं माप किंवा शेलचा साइज बघा. क्रँक पाव मिमीची आणि शेल अर्ध्याची, असा घोळ नेहमी होतो. एकाच ठिकाणी अडत असेल तर क्रँक वाकडी. टण्णकन थांबत असेल तर टायमिंग चुकलंय किंवा आत काहीतरी पडलंय, तिथे जोर करूच नका. मेनच्या कॅप ब्लॉकबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात. अदलाबदल झाली किंवा उलटी बसली तरी इंजिन जाम होतं, म्हणून त्यांच्यावरचे नंबर आणि बाण बघा. कनेक्टिंग रॉडच्या कॅपचंही तसंच. शेलच्या पाठीमागे कचऱ्याचा एक कण अडकला तरी पुरतो. आणि रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. दर इंच बोअरला तीन-चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हा जुना हिशोब, तुमच्या ६८.५ मिमी बोअरला म्हणजे पाव मिमीच्या आसपास.

मिस्त्रींना भांडण न करता एकच विचारा: मापांचा कागद आहे का? जर्नल किती, शेल किती, गॅप किती. प्लास्टिगेज (कॅपखाली दाबून फट मोजायचा मऊ धागा) लावून बघितलं असेल तर ती चपटी झालेली पट्टी किती रुंद होती तेही सांगतील. कागद असेल तर माणूस कामाचा आहे, पुढचं त्यांच्यावर सोडा. "इतकी वर्षं करतोय, मला कागद कसला" असं उत्तर आलं तर गाडी उचला. दाजींनी मला हेच उत्तर दिलं होतं, आणि सख्ख्या बहिणीचा नवरा असल्यामुळे मला गाडी उचलता आली नाही. तुम्हाला ती अडचण नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, नुसतं 'टक्' ऐकून इंजिन उघडू नका. उतरलेली बॅटरी आणि इंजिन बसवताना ढिली राहिलेली अर्थची पट्टीसुद्धा तसाच आवाज काढते. तुमच्याकडे पान्यालाही जड आहे म्हणून मी एवढं लिहिलं. प्लग काढून हातभर पान्याने एका माणसाने इंजिन फिरवलं, सुरुवातीला अडलं पण हललं की सलग फिरत राहिलं, तर ते रिंगांचं जडपण, काळजी नको. दोन, फिरवताना क्रँक पुलीच्याच बोल्टवरून आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. कॅमच्या बोल्टला पाना लावून जोर करणारे मिस्त्री मी पाहिलेत, तो बोल्ट त्यासाठी नसतो.