ब्रुअरीच्या अंगणात लॉन घालण्याआधी

पुण्यातल्या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर तिथेच बनवून विकणाऱ्या जागेच्या, अंगणाचं काम म्हटलं की मालकाला आधी हिरवंगार लॉन हवं असतं. घालू नकोस, मे महिन्यात टँकर मागवावे लागतात. अंगणात मुलांसाठी घसरगुंडी असेल तर तिच्या पश्चिमेला सावलीसाठी करंज लाव. तिचा पत्रा दुपारी चटके देतो. कण्हेर मात्र मुलांच्या आसपास नकोच, पान-फूल सगळंच विषारी.

बिअर बनवून उरलेला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) चोथा खताला फुकट मिळेल. पण ओलाच आळ्यात टाकलास तर दोन दिवसांत आंबूस वास आणि माश्या. मी हे करून बसलोय, गिऱ्हाइकं टेबल सोडून आत पळाली होती! दुप्पट-तिप्पट सुका पाला मिसळून आधी नीट कुजव. बिअरच्या टाक्या धुतलेल्या पाण्यात कॉस्टिक (साफसफाईचा तीव्र सोडा) असतं, ते प्रक्रिया केल्याशिवाय झाडांना घालायचं नाही. आणि पेव्हर (जमिनीवर बसवायचे ब्लॉक) काँक्रीटवर नाही, वाळूवर बसव, म्हणजे फटींतून पाऊस मुरेल.