गाडीआधी जागा शोध

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जुनी गाडी घेऊन तिच्यातच राहायचं तू ठरवलं आहेस. तिच्यातल्या पलंगाला प्लाय १२ एमएमचा घ्यावा की १८ चा, हा तुझा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर देतो, पण शेवटी. एवढ्या लांबलचक पत्रात गाडी रात्री कुठे उभी राहणार याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सावली, पाणी, संडास, मोबाइलची रेंज आणि निर्धास्त झोप या पाचही गोष्टी तुला जागा देणार आहे. गाडी फक्त छप्पर देते.

त्याआधी पैशांचं बोलू, कारण पैसे वाचावेत म्हणूनच तू पुण्यातली खोली सोडतो आहेस. खोलीचं भाडं ९,००० धर. तीन वर्षांचे ३,२४,००० झाले. आता समजा जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) ४ लाखांना घेतली, आतल्या कामाला दीड लाख गेले आणि तीन वर्षांनी ती अडीच लाखांना विकली. म्हणजे ३ लाख गेले. विमा, पासिंग, कर, सर्व्हिसिंग यांचे वर्षाला ३५,००० आणि जागेचे महिना २,००० धरले, तर बेरीज ४,७७,००० होते. खोलीपेक्षा दीड लाख जास्त. तेच जुनी ईको (मारुतीची छोटी व्हॅन) अडीच लाखांना घेतलीस, ७० हजारांत काम भागवलंस, १,७०,००० ला विकलीस आणि वर्षाचा खर्च १८,००० ठेवलास, तर बेरीज २,७६,००० येते. तीन वर्षांत ४८,००० वाचले, महिन्याला तेराशेच्या आसपास. आकडे तुझ्या बाजारभावाने बदलून घे, पण गणित असंच मांड. त्यात पेट्रोल धरलेलं नाही. रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर दिवसाला ४ लिटर लागतात. महिन्याची सगळी बचत चौथ्या दिवशी संपते. म्हणून गाडी लहान घे आणि ती एका जागी उभी राहू दे. ये-जा दुचाकीवर कर.

आता जागा. शहरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला कायमचं राहता येत नाही, तो विचार सोड. पुण्याच्या आजूबाजूला एखाद्या शेतकऱ्याच्या घराजवळची जागा महिन्याच्या भाड्यानं बघ. कोणत्या दिशेला बघतोस याला फार महत्त्व आहे. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण ७००, आणि दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे गेलं की त्याहून कमी. फोटोत मुळशी सुंदर दिसते, पण जून ते सप्टेंबर तिथे पत्र्याच्या डब्यात राहिलास तर गादी, कपडे आणि लॅपटॉप तिन्ही हातचे जातील. सासवडची बाजू घे.

जमीन काळी असेल तर पहिल्या मोठ्या पावसात चाकं रुततील. मुरमाची जमीन बघ. ती नसेल तर १८ बाय ८ फुटांवर ६ इंच जाडीचा मुरूम टाकून घे. हिशेबानं ७२ घनफूट होतो, दाबून बसल्यावर कमी पडतो म्हणून एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, मागव. त्याला एका बाजूला उतार दे आणि वरच्या अंगाला वीतभर खोल चर मार. झाड गाडीच्या पश्चिमेला हवं, कारण दुपारी दोन ते पाचचं ऊनच गाडी तापवतं. आंबा किंवा चिंच उत्तम. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात, वळवाच्या वाऱ्यात मोडतात. त्याच्याखाली लावू नकोस. नारळाखाली तर कधीच नाही.

विजेबद्दल मालकाशी आधीच बोल. घराच्या मीटरवरून घे, त्याचे पैसे वेगळे दे आणि त्या सॉकेटला अर्थिंग आणि आरसीसीबी (शॉक बसला तर वीज तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनकडून तपासून घे. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडीतली बॅटरी चार्ज करू नकोस. ती जोडणी शेतीसाठी दिलेली असते, वापर बदललेला आढळला तर दंड त्या शेतकऱ्याला बसतो. तुला आसरा देणाऱ्या माणसाच्या मागे असं लचांड लावू नये. भाडं, पाणी, संडासाचा वापर हे सगळं साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे आणि त्याची प्रत गाडीत ठेव. रात्री कोणी चौकशीला आलं तर आरसी, लायसन्स, आधार आणि हा कागद दाखवलास की बोलणं लवकर संपतं. आधार, बँक, मतदारयादी यांवरचा पत्ता मात्र गावच्या घराचाच राहू दे.

गाडी घेताना पांढऱ्या नंबरप्लेटचीच घे. पिवळ्या प्लेटला परमिट लागतं आणि आठ वर्षं झाली की दरवर्षी पासिंग करावं लागतं. सीएनजीची असेल तर टाकीनं मागची किती जागा खाल्ली आहे ते बघ. मग आत आडवा हो. इंचपट्टीपेक्षा ही परीक्षा खरी. पायमॅट आणि खालचा फेल्ट उचलून पत्रा हातानं चाचप. चहाच्या रंगाची पूड बोटाला लागली तर पाणी कुठूनतरी आत येतंय. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. गाडी चालवून आल्यावर ती उष्णता बराच वेळ आत चढत राहते, म्हणून झोपायच्या आधी तासभर तरी गाडी बंद करून दारं उघडी टाक.

पत्रा कापायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं आहे. छताला भोक पाडून पंखा बसवलास तर पासिंगला अडचण, अपघात झाला तर विम्याला अडचण, आणि पावसात गळती ती वेगळीच. सीट कमी करायची असेल तर आधी आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घे आणि विमा कंपनीला लेखी कळव. बाकी सगळं सामान बोल्ट काढून अर्ध्या तासात उतरवता येईल असंच बनव. गाडी विकताना त्याचा दुहेरी फायदा होतो.

आता उष्णता. या विषयावर बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण बघितलेले व्हिडिओ थंड देशातले असतात. तिथे आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याकडे उलट आहे. भिंतींना नायट्राइल रबराची शीट लावलीस तर दुपारची आच उशिरा आत येईल, पण संध्याकाळी आत साठलेली उष्णता बाहेरही उशिरा जाईल. शिवाय नुसतं पडून राहिलेलं माणूस जवळजवळ १०० वॉटच्या जुन्या बल्बएवढी उष्णता देत असतं. म्हणून क्रम असा ठेव: आधी सावली, मग वारा, आणि सगळ्यात शेवटी शीट, तीही फक्त छताला, १३ एमएमची. सावलीसाठी शेतीदुकानातलं ७५ टक्क्यांचं शेडनेट टपापासून फूटभर वर ताण. टपाला चिकटवून टाकलंस तर जाळीची उष्णताच पत्र्यात उतरते, मधली हवा खेळायला हवी. पुढच्या काचेचं आवरण बाहेरून लाव. आतून लावलं की ऊन काचेतून आधी आत येऊन बसलेलं असतं.

वाऱ्यासाठी दोन तोंडं हवीत, एक खाली सावलीच्या बाजूला आणि एक वर उलट बाजूला. सरकत्या दाराला डासांच्या जाळीचा पडदा कर, कडेला चुंबकाची पट्टी शिवून. मागचं दार चार बोटं उघडं राहील असा लोखंडी अडकवा लोहाराकडून करून घे, तो आतूनच निघेल असा. १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे लाव, एक हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. सायलेन्सरला बारीक चीर असली तरी कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही.

वीज. फ्रीज आणि इंडक्शन यादीतून काढ, मग सगळं सोपं होतं. लॅपटॉप ५० वॉट सहा तास म्हणजे ३००, पंखे १५ वॉट दहा तास म्हणजे १५०, दिवा आणि मोबाइल मिळून ६०. दिवसाला ५१० वॉट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी १,२८० देते, म्हणजे दोन दिवसांची तरतूद. २०० वॉटचं पॅनेल कोरड्या दिवसात ६५० च्या आसपास भरतं. पावसाळ्यात त्यावर विसंबू नकोस, तेव्हा मालकाच्या सॉकेटवरून २० अँपिअरच्या चार्जरनं पाच तासांत बॅटरी भर. हा चार्जर लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचाच हवा. इन्व्हर्टर घेऊच नकोस. लॅपटॉपला १२ व्होल्टवर चालणारा टाइप-सी चार्जर मिळतो, तो लाव. नाहीतर बाराचे २३० आणि २३० चे पुन्हा २० व्होल्ट करण्यात वीज वाया जाते.

ही बॅटरी गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट जोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. लिथियम बॅटरी रिकामी असताना मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी उभ्या-उभ्या चालू असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, म्हणून अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवा, ईकोला २० अँपिअरपेक्षा मोठा नको.

वायरकडे जवळून बघ, कारण आग लागते ती इथूनच. घरातल्या दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर घे. तिचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. बॅटरीपासून पाच मीटरवर उपकरण असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. त्यातून १० अँपिअर नेलेस की १.२ व्होल्ट वाटेतच गेले. २३० मध्ये ते जाणवले नसते, पण १२ मध्ये दहावा हिस्सा झाला आणि तो सगळा वायर तापवण्यात गेला. तेच ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत फक्त ०.३ व्होल्ट पडतात. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा, उपकरणाजवळ नको; मधली वायर घासून पत्र्याला लागली तर वाचवणारं दुसरं काही नसतं. वायर पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट घाल. पिळून टेप गुंडाळलेला जोड कच्च्या रस्त्यावर महिन्याभरात सैल होतो, टोकाला लग (धातूची कडी) दाबून बसवून घे. शेताजवळ उंदीर असतातच, म्हणून सगळी वायर नळीतून ने आणि दर महिन्याला टॉर्च लावून बघ.

पाण्याचे २० लिटरचे तीन कॅन पुरेत. भांडी, हात-तोंड मिळून माणशी १२ ते १५ लिटर दिवसाला लागतात, आंघोळ मालकाच्या मोरीत करायची हे धरून. खरकटं कागदानं पुसून मग भांडी धुतलीस तर पाणी निम्मं लागतं आणि सांडपाण्याच्या कॅनला वास येत नाही.

स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीखाली. ईकोत आत शेगडी पेटवायची नाही. पाच किलोचा छोटू सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. दिवसाला दीडशे ग्रॅम धरले तर महिनाभर जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर गाडीच्या तळाशी साठून राहतो, आणि दिव्याच्या बटणाची ठिणगीही त्याला पुरते. म्हणून सिलिंडर रात्री बाहेरच, उभा, सावलीत. नळी आयएसआयची घे आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघ.

दमट हवेचा त्रास तुला गादीखाली पहिल्यांदा दिसेल. झोपेत श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी बाहेर पडतं आणि गार पत्र्यावर, फळीवर जमतं. पावसाळ्यात गादी रोज सकाळी उभी करून ठेव. फोमपेक्षा काथ्याची गादी लवकर वाळते.

आता तुझा प्लाय. १२ एमएमचा, ७१० ग्रेडचा (पाण्यात टिकणारा) घे. आठ बाय चारची १८ एमएमची शीट ३५ किलोच्या पुढे जाते, १२ ची २५ च्या आसपास. दर १६ इंचांवर ॲल्युमिनियमचा आधार दिलास तर १२ ची फळी लवत नाही. दर सहा इंचांवर एक इंची भोकं पाड, म्हणजे गादीखाली हवा जाईल. कापलेल्या कडांना आणि भोकांच्या आतून दोन हात सीलर मार. पाणी प्लायमध्ये कडेनंच शिरतं. सगळं भरून झालं की वजनकाट्यावर ने आणि आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघ.

पण प्लाय या महिन्यात आणू नकोस. आधी जागा बघून ये. दुपारी १२, २ आणि ४ वाजता झाडाची सावली कुठे पडते तिथे फक्कीनं रेघ मार आणि फोटो पाठव. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, डिसेंबरात सावली उत्तरेला लांब जाते, ते धरून गाडीचं तोंड कुठे करायचं ते ठरवू. सरकतं दार कोणत्या बाजूला उघडणार हे त्यावरून कळेल आणि मगच पलंग डावीकडे की उजवीकडे ते सांगता येईल.