माळ्यावरचा गेम खाली काढलाय? आधी प्लग लावू नका

दिवाळीची साफसफाई झाली की दरवर्षी हेच. माळ्यावरनं जुना टीव्ही गेम, प्लेस्टेशन, कॅसेटची पिशवी खाली येते, नाहीतर कोणीतरी सेकंडहँड स्वस्तात उचलून आणतं, आणि मग मला मेसेज. प्रश्न तेच असतात, उत्तरं पण लोकांनी कुठल्यातरी व्हिडिओत आधीच बघून ठेवलेली असतात, माझ्याकडनं फक्त "हो, करा" पाहिजे असतं. ते मिळणार नाही. म्हणून एकदाच सगळ्यांना मिळून लिहायलोय.

प्रश्न: लहानपणीचा टीव्ही गेम सापडला. कॅसेट फुंकर मारून लावली की चालते, नाहीतर नुसते रंगीत चौकोन दिसतात. काय करू?

फुंकर बंद करा पहिली. ती फुंकरीनं चालत नाही हो, काढून परत बसवल्यामुळं चालते, कारण पिना थोड्या वेगळ्या जागी टेकतात. तोंडातली वाफ मात्र कॅसेटच्या पट्ट्यांवर बसते आणि सावकाश गंज धरायला लागतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, इअरबड त्यात भिजवा, पट्ट्या दोन्ही बाजूंनी पुसा, बड काळा यायचा थांबेपर्यंत. नीट वाळू द्या, मग लावा. पुसलेली कॅसेट मशीन बंद ठेवून चार-पाच वेळा आतबाहेर केली आणि प्रत्येक वेळी परत पुसली तर आतल्या पिनांची घाण पण बरीच निघते. खोडरबरनं घासू नका, मुलामा जातो. आणि कॅसेट उघडल्यावर आत नुसता एक काळा गोल ठिपका दिसला, म्हणजे लोकल कॅसेट असली, आणि पुसूनही चालत नसली, तर ती गेली. त्या ठिपक्याखालची चिप कोणी "रिपेअर करून देतो" म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न: ते अल्कोहोल सोलापुरात नवी पेठेत मिळालं नाही. सॅनिटायझर किंवा पेट्रोल चालेल का?

नाही. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो, आणि पेट्रोल-थिनरनं प्लॅस्टिक खराब होतं. ऑनलाइन मागवा आणि चार दिवस थांबा की, कॅसेट तीस वर्षं थांबलीय.

प्रश्न: पीएस टू (प्लेस्टेशन टू) आणि पीएस थ्रीच्या डिस्कवर ओरखडे आहेत. टूथपेस्ट लावू का?

टूथपेस्ट दाताला लावा. डिस्क कोमट पाण्यात एक थेंब भांडी घासायचं लिक्विड टाकून धुवा, मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. निम्म्या डिस्क तेवढ्यानंच चालायला लागतात कारण ओरखडा नसतोच, बोटांचं तेल असतं. पीएस टूच्या डीव्हीडीत डेटाचा थर मधोमध असतो, वर ०.६ मिलिमीटर प्लॅस्टिक, त्यामुळं मशीनवर पॉलिश करता येते. पीएस थ्री, पीएस फोरची ब्लू-रे असते, तिचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, तिथं पॉलिशला जागाच नाही, तेव्हा पॉलिशवाला हो म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणा. सीडीचं उलटं, तिचा जीव स्टिकरच्या बाजूला असतो, छापलेल्या बाजूनं खोल खरचटलं तर काही उपाय नाही.

प्रश्न: अशोक चौकाजवळ घर आहे, शेजारी यंत्रमाग. जुना जाडा पीएस थ्री आधी विमानासारखा आवाज करायचा, आता पिवळी लाइट लागून बंद पडतो. दुकानदार म्हणतो आयसी गरम करून देतो, एक महिन्याची गॅरंटी. देऊ का?

नका देऊ. आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण यात लोक सगळ्यात जास्त फसायलेत.

पिवळी लाइट म्हणजे एक आजार नाही, हार्डवेअरमध्ये काहीतरी बिघाड आहे एवढंच ती सांगते. पॉवर सप्लाय असू शकतो, चिपजवळचे टोकिन कपॅसिटर थकलेले असू शकतात, नाहीतर ग्राफिक्स चिपच्या आतले बारीक जोड तडकलेले असू शकतात. आता दुकानदार हीटगन, म्हणजे गरम हवेची बंदूक, मारतो तेव्हा काय होतं? तापल्यावर सगळं थोडं फुगतं, तडकलेले जोड परत टेकतात, मशीन चालू होतं, तुम्ही खूश होऊन पैसे देता. नवीन काहीच बसलेलं नसतं. शिसं नसलेलं सोल्डर वितळायलाच २१७ अंशांच्या आसपास तापमान लागतं, गनवर ते धड मोजतही नाहीत, बोर्ड वाकतो, आजूबाजूचे कपॅसिटर फुगतात, आणि काही आठवड्यांत परत पिवळी लाइट. गॅरंटी महिन्याचीच का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. दुकानदाराला एकच विचारा, कुठला पार्ट बदलणार आणि जुना पार्ट हातात देणार का. उत्तर देताना आवाज बारीक झाला की मशीन उचला आणि घरी या.

पण दुकानदारालाच बोलून उपयोग नाही. मशीन ओरडत होतं तेव्हाच उघडायला पाहिजे होतं. आपल्या पूर्व भागात मागाचे बारीक तंतू हवेत असतात, ज्यांच्या घरात विड्या वळतात तिथं तंबाखूची धूळ पण, ते सगळं हीटसिंकच्या, म्हणजे चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांत जाऊन दाबून बसतं. आत चिपची उष्णता हीटसिंकला देणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत, बाहेर मे महिन्यातला सोलापूर, म्हणजे मशीनला सोलापुरी चादर पांघरून उन्हात बसवल्यासारखं झालं. वर्षातनं एकदा धूळ काढणं आणि जुन्या मशीनची पेस्ट बदलणं हा खर्च काहीच नाही हो, पण "चालतंय की अजून" म्हणत सगळे थांबतात.

धूळ काढायला पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरकडे नेऊ नका, हे पण बरेच जण करतात. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि पंखा नको तेवढा जोरात फिरून बेअरिंग जातं. घरचा छोटा ब्लोअर, लांबून, पंखा बोटानं धरून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पीएस थ्रीची हार्डडिस्क त्याच मशीनच्या किल्लीनं लॉक असते, काढून दुसऱ्यात लावली तर वाचता येत नाही, फॉरमॅट करायला सांगतो. म्हणजे बोर्ड मेला की दहा वर्षांचे सेव्ह, म्हणजे गेममध्ये जिथवर पोचलात ते सगळं, पण गेले. तुमचं मशीन अधूनमधून पाच-दहा मिनिटं जरी चालू होत असेल तर त्या वेळात गेम खेळत बसू नका, सेव्ह पेनड्राइव्हवर घ्या, काही गेमचे कॉपी होत नाहीत पण बाकीचे तरी वाचतील. मग मल्टिमीटर धरता येतो अशा माणसाला दाखवा. आधी पॉवर सप्लाय तपासायचा, मग कपॅसिटर, चिप सगळ्यात शेवटी.

प्रश्न: मग पीएस फाइव्हची पेस्ट पण घरी बदलू का?

नाही. त्यात लिक्विड मेटल आहे, त्यातनं वीज वाहते, थेंब इकडंतिकडं गेला तर बोर्ड संपला. बाजूचं कव्हर काढून धूळ साठायची जी भोकं दिलीयत तिथं व्हॅक्यूम धरा, पुढं हात घालू नका.

प्रश्न: राखाडी पीएस वन पिवळट पडलाय. पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला तर पांढरा होतो म्हणतात?

होतो, बऱ्याचदा. प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनवालं रसायन घातलेलं असतं, प्रकाश आणि उष्णतेनं असं प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि पेरॉक्साइड अधिक ऊन यानं रंग परत येतो. पण कायमचा नाही, काही वर्षांत पुन्हा पिवळा पडू शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर ठेवलात तर प्लॅस्टिक वाकेल, आणि पार्लरमधली पेरॉक्साइडची क्रीम कमीजास्त लागली तर ढगासारखे डाग पडतात, ते पिवळ्यापेक्षा वाईट दिसतात. करायचंच तर हिवाळ्यात, सगळं खोलून फक्त रिकामं कव्हर, हातमोजे आणि चष्मा घालून. मी म्हणेन पाणी आलेल्या दिवशी साबणानं स्वच्छ धुवा आणि राहू द्या तसंच. आधी एक फोटो मात्र पाठवा, कधीकधी तो पिवळेपणा नुसता सिगारेटचा धूर असतो.

प्रश्न: मामांनी जपानवरनं आणलेला सुपर फॅमिकॉम (निन्टेंडोचा जुना टीव्ही गेम) आहे. पिन बदलायचा कन्व्हर्टर लावून चालू करू का?

अजिबात नाही. तो अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्याकडं २३० येतात, कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. आणि घरात पडलेला दुसरा अडॅप्टर पण लावू नका, सुपर फॅमिकॉमच्या अडॅप्टरची मधली पिन निगेटिव्ह असते, आपल्याकडच्या बहुतेकांची पॉझिटिव्ह. २३० चे १०० व्होल्ट करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा मशीन आणि अडॅप्टर दोन्ही कोणा जाणकाराकडे घेऊन जा.

प्रश्न: गेमबॉयच्या पोकेमॉन गोल्डमध्ये सेव्ह राहात नाही. आतला सेल मी स्वतः बदलू शकतो का?

सोल्डरिंग येत असेल तर हो, टेपनं चिकटवणार असाल तर नको. त्या गेममध्ये घड्याळ चालतं म्हणून सेल लवकर संपतो. तुमचा सेव्ह तर गेलेलाच आहे, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. पण ज्यांचा अजून शाबूत आहे त्यांनी ऐका, सेल काढला की सेव्ह उडतो. आधी कार्ट्रिज रीडरनं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा लागतो. तो रीडर ज्याच्याकडं आहे त्याला याच महिन्यात गाठा, पुढच्या दिवाळीत नको.