दहा बाय दहाची बेडरूम, पाच जणांचा बँड आणि पन्नास हजार रुपये

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मानपाड्याला टू बीएचके, त्यातली दहा बाय दहाची बेडरूम. गायिका, अकूस्टिक गिटार, बेस, कीबोर्ड-हार्मोनियम आणि तबला-ढोलकी असे पाच जण, स्वतःची चार गाणी, हातात पन्नास हजार. यादीत आठ इनपुटचा इंटरफेस (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणारा डबा), पाच माइक, एक मोठा कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही पकडणारा माइक) आणि भिंतींना चिकटवायला अंड्याच्या ट्रेसारखा फोम. हे घेतलं तर गाणी घरी नीट रेकॉर्ड होतील का, असं तुम्ही विचारलंय.

गाणी घरी नक्की होतील, पण ही यादी बाजूला ठेवा. पाचही जणांनी एकदम वाजवून रेकॉर्ड करायचं हे डोक्यातून काढलंत की अर्धी यादी आपोआप गळून पडेल. दहा फुटांच्या खोलीत पाच माइक लावले तरी प्रत्येक माइकमध्ये ढोलकीच येते. गायिकेच्या ट्रॅकमध्ये ढोलकी, गिटारच्या ट्रॅकमध्ये ढोलकी. नंतर आवाज थोडा वर घ्यायचा म्हटलं की त्याच्यासोबत ढोलकीही वर येते, आणि एकाचा एक सूर चुकला की पाचही जणांना पुन्हा पहिल्यापासून. एकेक वाद्य वेगळं घ्या. मग दोन इनपुटचा इंटरफेस पुरतो आणि वाचलेले पैसे खोलीवर खर्च करता येतात.

मी ठाण्यात चौदा वर्षं घरी रेकॉर्डिंग करतोय, आधी नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, आता कळव्याला. पहिली दोन वर्षं मीही माइकच बदलत राहिलो. आवाजात खरा फरक पडला तो खोलीकडे लक्ष दिल्यावर.

तुमच्या खोलीची लांबी-रुंदी सारखी आहे, आणि अडचण नेमकी तिथे आहे. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे ६.१ने भागलं की ५६ हर्ट्झ येतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये हा सूर घुमतो, आणि तुमच्याकडे अशा दोन जोड्या एकाच मापाच्या आहेत. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झवर वाजते. म्हणजे बेसवाल्याने ती तार छेडली की खोली गुरगुरणार, शेजारचे सूर त्यामानाने बारीक वाटणार, आणि मिक्स करताना तुम्ही बेस कमी करत बसणार. खोलीच्या अगदी मधोमध बसलात तर हाच सूर जवळजवळ नाहीसा होतो. कोपऱ्यात गेलात की दणदणतो. मिक्सिंगचं टेबल कुठे ठेवायचं हे यावरून ठरवा: मध्यावर नको, कोपऱ्यात नको, एका भिंतीकडे तोंड करून त्या भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवर बसा.

फोमचं म्हणाल तर इंचभर जाडीचा फोम फक्त वरचे सूर शोषतो. टाळीचा चटका कमी होतो, म्हणून खोली सुधारली असं वाटतं. खालची घुमघुम मात्र जशीच्या तशी राहते आणि गाणं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. शिवाय फोमने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात, त्यामुळे दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावलीत तरी त्याचा जास्त उपयोग होईल.

फोमऐवजी घरातल्या कापसाच्या गाद्या काढा. चार इंची जुनी गादी फोमपेक्षा कितीतरी चांगलं काम करते. ती उभी कुठे करायची हे महत्त्वाचं. बहुतेक जण माइकच्या मागे करतात. पण गाण्याचे साधे माइक समोरचं ऐकतात, पाठीमागचं त्यांना फार कमी ऐकू येतं. माइकच्या समोर गायिका असते आणि तिच्या मागे भिंत, त्यामुळे गादी गायिकेच्या पाठीशी हवी. कपड्यांचं कपाट असेल तर दोन्ही दारं सताड उघडून तिला त्याच्याकडे पाठ करून उभं करा. टांगलेल्या साड्या आणि कोट फुकटात काम करतात. नंतर पैसे उरले तर इन्सुलेशनवाल्याकडून ५० मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल आणा, दोन थर एकावर एक ठेवून लाकडी चौकटीत बसवा, वरून सुती कापड ताणून लावा आणि कोपऱ्यांत उभं करा. कापताना मास्क आणि हातमोजे घालाच, त्याचे तंतू अंगाला आणि घशाला त्रास देतात.

आता खरेदी. दोन इनपुटचा चांगला इंटरफेस १५-२० हजारांच्या आसपास मिळतो. फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू बहुतेकांना माहीत आहे, त्या वर्गातला कुठलाही चालेल. एक शुअर एसएम ५७ घ्या. १९६५पासून बनतोय, पडला-आपटला तरी बिघडत नाही, ढोलकी, गिटारचा अँप, गळा सगळ्याला चालतो, आणि डायनॅमिक (कंडेन्सरपेक्षा कमी नाजूक कानाचा) असल्याने जवळ धरून वापरता येतो, म्हणजे खोलीचा वाईटपणा कमी पकडतो. जोडीला एक बारीक, पेन्सिलीसारखा कंडेन्सर घ्या, अकूस्टिक गिटार आणि हार्मोनियमसाठी. त्याला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू करावं लागतं. मोठा कंडेन्सर आत्ता नको. तो इतका बारीक ऐकतो की लिफ्टचा खडखडाट आणि वरच्या घरातली खुर्चीही ट्रॅकवर येते. जून ते सप्टेंबर कंडेन्सर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. कानाला पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, दोन भक्कम स्टँड, केबल. केबल आणि जॅक मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्त पडतात. सॉफ्टवेअरसाठी रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलर.

सुरुवात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) आणि गाइड ट्रॅकने करा. गिटार आणि गळा, दोन इनपुट, एकदा सरळ गाऊन टाका. हा ट्रॅक शेवटी पुसायचाच आहे, पण बाकी सगळे त्याच्यावर वाजवणार, त्यामुळे गाण्याची चाल आणि कडव्यांमधल्या जागा त्यात पक्क्या हव्यात. तबला-ढोलकीवाल्याला मेट्रोनोमची टिकटिक देऊ नका. ठेक्यात वाढलेल्या हाताला ती टोचते आणि मग तो तिच्या मागे धावत वाजवतो. केहरव्याच्या आठ मात्रांवर शेकर किंवा घुंगरांचा साधा लूप लावून द्या, टेम्पो तोच. आमच्या ढोलकीवाल्याचा हात असा लूप दिल्यावर पहिल्याच टेकमध्ये मोकळा झाला.

ढोलकीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण तुमच्या गाण्यांचा कणा तीच असणार. पहिल्यांदा मी दोन्ही तोंडांना चार-चार बोटांवर माइक लावले. हेडफोनमध्ये दणदणीत. गाणं फोनवर लावलं तर धुम, म्हणजे जाड आवाजाचं तोंड, गायब, नुसती चाटीची, बारीक आवाजाच्या तोंडाची, टपटप. दोन माइक समोरासमोर होते, एकाकडे कातडं येत होतं तेव्हा दुसऱ्यापासून लांब जात होतं, आणि फोनच्या एकाच स्पीकरमध्ये दोन्ही ट्रॅक एक झाल्यावर खालचा सूर एकमेकांना खाऊन टाकत होता. रीपरमध्ये एका ट्रॅकचं फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटं करायचं बटण दाबलं आणि धुम परत आली. म्हणून दोन माइक लावलेत की वाजवायच्या आधी दोन्ही ट्रॅक मोनोत, म्हणजे एकत्र करून ऐका, एकाचं फेज उलटं करून ऐका, ज्यात अंग भरलेलं वाटेल ते ठेवा.

माइकची जागा कानाने शोधा. वादकाला एकच ठेका पुन्हा पुन्हा वाजवायला सांगा, एक कान बोटाने बंद करा आणि दुसरा ढोलकीभोवती फिरवा. चाटीच्या अगदी समोर कडकडाट असतो. तिथून वीतभर मागे आणि थोडं वर आलं की एका जागी चाट आणि शाईचा गोड सूर दोन्ही बरोबर ऐकू येतात. माइक तिथे लावा. धुमेच्या बाजूला दीड वीत अंतर ठेवा, जवळ गेलात की हवेचा झोत माइकवर आदळतो. तबल्याला मी एकच माइक बरा समजतो, दायाँ-बायाँच्या मधोमध, फूटभर वर, थोडा दायाँकडे झुकलेला. वादकाखाली जाड सतरंजी हवी, पलंगावर बसवू नका, कुरकुर येते. हातातली अंगठी, कडं काढून ठेवायला सांगा. आणि खोलीतलं लोखंडी कपाट! प्रत्येक धुमेबरोबर त्याचं दार बारीक झणझणतं, वाजवताना कळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये कळतं. दाराच्या फटीत दुमडलेला रुमाल कोंबा.

पंखा आणि एसी बंदच हवेत. त्यामुळे आधी अर्धा तास एसी लावून खोली गार करायची, मग बंद करून वीस मिनिटं वाजवायचं, असं चक्र ठेवा. यात तबल्याचा एक धोका आहे. एसीत कातडं सुकून चढतं, एसी बंद झाल्यावर दमट हवेत उतरतं. पावसाळ्यात तर भरभर उतरतं. दर टेकआधी सूर तपासा. नाहीतर पहिल्या कडव्यातला तबला आणि तिसऱ्या कडव्यातला तबला वेगवेगळ्या गाण्यांतले वाटतात.

सुराचं बोलतोच आहे तर हार्मोनियम आधी ट्यूनरवर लावून बघा. जुन्या पेट्यांचा ‘ए’ सूर नेहमीच्या ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. पेटीचे सूर घरी हलवता येत नाहीत, गिटार आणि कीबोर्ड मात्र हलवता येतात. पेटी ४४२वर असेल तर कीबोर्डचं ट्यूनिंग ४४२ करा, गिटारी त्याला मिळवा, तबला त्याच सुरात घ्या. हे गाइड ट्रॅकच्याही आधी व्हायला हवं. नंतर लक्षात आलं तर सगळं पुन्हा वाजवावं लागतं. गाणं काळी चारमध्ये की पांढरी एकमध्ये, हेही गायिकेला त्याच दिवशी गाऊन ठरवू द्या. पेटी घेताना माइक भात्याच्या बाजूला नको, श्वासासारखा फुसफुस आवाज येतो. पुढून, वरून खाली बघणारा, हात-सव्वा हातावर ठेवा.

बेस आणि कीबोर्ड थेट केबलने इंटरफेसला जोडा, बेससाठी इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबून. घूं असा ५० हर्ट्झचा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगमध्ये. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. गिटारच्या पिकअपमध्ये चरचर असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा एलईडी दिवा कारण असतो.

गायिकेसाठी माइक एक वीत दूर, मध्ये पॉप फिल्टर (प-फचा झोत अडवणारी जाळी), तोंडाच्या रेषेत नाही तर जरासा तिरका. तिला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनला देणारं बटण) चालू करा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी सॉफ्टवेअरमधला बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा) १२८वर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला ते २.७ मिलिसेकंद होतात. मिक्स करताना बफर वाढवला तरी चालतो. गातात ते बरेच जण एक कान उघडा ठेवतात, तसं असेल तर त्या बाजूचा हेडफोन डोक्याला दाबून बसेल असा ठेवा, नाहीतर लूप माइकमध्ये गळतो. पातळी २४ बिटमध्ये उणे १०-१२ डेसिबलपर्यंत शिखरं जातील इतकीच. लाल दिवा लागला की तो टेक गेला, तो नंतर दुरुस्त होत नाही.

घोडबंदर रोडच्या अवजड गाड्यांची घरघर रात्रीही थांबत नाही. जमलं तर रस्त्याकडची खोली सोडून येऊरच्या बाजूची घ्या. गळ्यावर आणि गिटारवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा, बरीचशी घरघर जाते. ढोलकीवर कापू नका. वेळ दुपारी दोन ते चारची, सोसायटी तेव्हा शांत असते. रात्री दहानंतर वाजवू नका. खालच्या आजी-आजोबांना आधी जाऊन सांगून या, रविवार ठरवून घ्या. मी हे सुरुवातीला केलं नव्हतं, आणि नौपाड्यात एका चांगल्या टेकच्या शेवटच्या ओळीवर दाराची बेल वाजली होती.

मिक्सबद्दल आत्ता थोडंच सांगतो. हेडफोनवर करा, मग फोनच्या स्पीकरवर मोनोत ऐका, मग गाडीत ऐका. आवाज मोठा करण्याच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणतं, दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि चपटं वाटतं.

प्रत्येक रविवारी उठायच्या आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो, म्हणजे पाच मिनिटांचं वीस ट्रॅकचं गाणं एक जीबीच्या आत बसतं. माझी डिस्क एकदा गेली तेव्हा एका मित्राची पेटी तिच्यात होती. तो आता परदेशात असतो आणि पेटी वाजवत नाही.

खोलीचा स्लॅब किती फुटांवर आहे, खिडकी कुठल्या भिंतीला आहे आणि कपाट कुठे आहे तेवढं सांगा. गादी कुठे उभी करायची आणि ढोलकी कुठे बसवायची ते नकाशा काढून देतो. तोवर इंटरफेस मागवू नका, आधी पेटी ट्यूनरवर बघा.